लेकीच्या गावचं पाणी

हिलाल नाना महाजन पळतात, हे जळगावात मेहरूण तलावावर फिरायला येणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. नुसतं बघून मात्र ते कुणाला कळलं नसतं. चालायला आलेली मंडळी त्यांना सहज मागे टाकत आणि जाता जाता विचारत, काय नाना, पळताय का? हा टोमणा आहे की चौकशी, याच्या खोलात नाना कधी गेले नाहीत. ते मान डोलावत आणि पुढच्या माणसाने मागे टाकेपर्यंत पळत राहत.

नानांना पळायला डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. त्यांना घराबाहेर काढलं ते त्यांच्या बायकोने, सुमनबाईने. नानांची उभी हयात एका डाळ मिलमध्ये मशीनवर गेली. निवृत्त झाल्यावर घरात त्यांना चालू-बंद करायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. तूरडाळ किती भिजवायची, कुकर कधी उतरवायचा, मिक्सरचा आवाज असा का येतोय, यावर ते ओट्यापाशी उभं राहून बोलू लागले. सुमनबाईने महिनाभर ऐकून घेतलं. मग एका पहाटे तिने त्यांच्या हातात चपला दिल्या आणि तलावावर जाऊन या म्हणून सांगितलं. उन्हं वर आल्याशिवाय परत येऊ नका, हेही सांगितलं.

तलावावर चौधरी सर भेटले. हे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, वयाने नानांपेक्षा चांगलेच मोठे, आणि अंगात बनियन घालून पळणारे. एके दिवशी सर नानांच्या शेजारून धपधप करत निघून गेले आणि नानांच्या जिवाला ते लागलं. दिवसभर जेवण गोड लागलं नाही. दुसऱ्या दिवशी ते सरांच्या मागे पळाले, विजेच्या दोन खांबांपर्यंत, आणि मग बाकावर बसून बराच वेळ तलावातल्या बगळ्यांकडे पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी तीन खांब झाले. मिलमध्ये नवं मशीन आलं की नाना असेच मागे लागायचे. ते मशीन शेवटी कंटाळून सुरळीत चालायला लागायचं. पायांचंही तेच झालं. दोन उन्हाळे गेले तोवर नाना शिरसोली रस्त्याला रेल्वे फाटकापलीकडे जाऊन परत येऊ लागले होते.

अडचण पायांची नव्हतीच, कपड्यांची होती. पळायचं म्हणजे हाफ पॅन्ट हवी, असं चौधरी सरांचं मत. आणि साठी ओलांडलेल्या माणसाने हाफ पॅन्ट घालून गल्लीतून जावं हे सुमनबाईला पटेना. सून काय म्हणेल, शेजारीपाजारी काय म्हणतील. यावर नानांनी तोड काढली. ते हाफ पॅन्टवर पांढरा लेंगा चढवून घरातून निघत, तलावाच्या भिंतीआड लेंगा उतरवून त्याची घडी कमरेला बांधत, आणि परतताना पुन्हा चढवून सभ्य होऊन घरी येत. एकदा घाईत उलटा चढवला, तेव्हा नाडी मागे आली आणि दूधवाल्याने दिवसभर ती गोष्ट दुधाबरोबर घरोघरी वाटली.

नानांचं असंच होतं. एखादा नियम त्यांना पटला की तो ते शेवटपर्यंत वाहून नेत, मग खांदा दुखला तरी चालेल. आणि त्यांच्या साऱ्या नियमांत जुना आणि जड नियम एकच होता. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही.

तशी ही रीत सगळ्या मुलखाचीच. मुलीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरी अन्नपाणी घ्यायचं नाही. पूर्वी कडक पाळत. आता जो तो सोयीने वागतो. मुलीकडे गेले की चहा घेतात, जेवतात, मुक्कामही करतात, आणि रीत विचारली तर हसतात. नाना हसत नसत. त्यांची एकुलती एक मुलगी दिपमाला धुळ्याच्या पुढे, साक्री रस्त्यावरच्या मोरखेड्यात दिली होती. घर चांगलं, जावई शेती करून पंप दुरुस्तीचं दुकान चालवणारा, व्याही लोटन आप्पा तर माणुसकीला मोठे. लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. नाना वर्षातून दोनदा जात. जाताना जळगावहून पाण्याची बाटली भरून नेत, भाकरीचा डबा नेत, आणि लोटन आप्पांच्या ओट्यावर बसून आपलंच पाणी पीत. आप्पांनी सुरुवातीला कौतुक केलं, इतका नियमाचा व्याही मिळाला म्हणून चार ठिकाणी सांगितलं. पुढे ते सांगेनासे झाले. गाव मात्र विसरलं नाही. गावात त्यांना बाटलीवाले नाना म्हणत, आणि बाटली घेऊन नाना एस.टी.तून उतरले की बायका एकमेकींकडे बघत, म्हणजे दिपमालाचं अजून काही नाही.

हे नानांपर्यंत कधी पोचलं नाही. पोचलं असतं तरी त्यांनी बाटली सोडली असती असं नाही, कारण त्यांच्या मनात वेगळंच होतं आणि ते त्यांनी कुणालाही, सुमनबाईलाही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटे, आपण जोवर पाणी पीत नाही तोवर आशा आहे. ज्या दिवशी पाणी प्यालो त्या दिवशी आपणच देवाला सांगितल्यासारखं होईल, की राहू दे, आम्ही वाट पाहणं सोडलं. म्हणून ते तहानलेले बसत आणि मनात लेकीसाठी काहीतरी मागत.

आणि अशात धुळ्याच्या एका मंडळाने मॅरेथॉन जाहीर केली. पुरी बेचाळीस किलोमीटरची, धुळ्यातून साक्री रस्त्याला जाऊन परत. चौधरी सरांनी नानांना विचारलं, आणि नानांनी रस्ता कुठला हे न विचारताच हो म्हटलं. रस्ता मोरखेड्यातून जातो हे नंतर कळलं, तोवर पैसे भरून झाले होते.

दिपमालाचा फोन त्याच आठवड्यात आला. ती गावातल्या महिला बचत गटाची अध्यक्ष होती, आणि मोरखेड्यातलं पाण्याचं टेबल तिच्या गटाने मागून घेतलं होतं. मुद्दाम मागून घेतलं होतं, हे ती बोलली नाही. नाना, तुम्ही येणार ना, मग माझ्या हातचं पाणी प्यायचं, एवढंच ती म्हणाली. नाना बघू म्हणाले. लहानपणी तिने सायकल मागितली तेव्हाही ते बघू म्हणाले होते, आणि ते बघणं चार वर्षं चाललं होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मग तलावावर या प्रश्नाची चर्चा झाली. पळून झालं की मंडळी कठड्यावर बसत आणि जगातले प्रश्न सोडवत. त्यात ही एक भर पडली. चौधरी सर म्हणाले, टेबल रस्त्यावर आहे, रस्ता सरकारचा, म्हणजे ते लेकीचं घर होत नाही. एका निवृत्त तलाठ्याने हरकत घेतली, की टेबल सरकारी रस्त्यावर असलं तरी पाणी कुठलं, हे पाहिलं पाहिजे. नानांनी चौकशी केली. पाणी लोटन आप्पांच्या शेतातल्या बोअरचं होतं. सरांनी तरीही जोर लावून पाहिलं, की जमिनीखालचं पाणी काही व्याह्यांच्या मालकीचं नसतं. नानांनी दोन दिवस यावर विचार केला आणि निकाल दिला, की बोअर व्याह्यांचं, मोटर व्याह्यांची, तेव्हा पाणी व्याह्यांचंच. मिलमध्येही ते सगळे आवाज ऐकून घेत आणि शेवटी आपल्याच कानाला जे वाटलं तेच खरं धरत.

तयारीचे शेवटचे दोन महिने नाना गंभीरपणे वागले. रावेरकडून येणारी केळी आणि भाकरी यांच्याशिवाय त्यांनी बाकी सगळं अन्न संशयाने पाहिलं. हिवाळ्यात शेतात भरताच्या पार्ट्या सुरू झाल्या, पोतं पोतं वांगी कपाशीच्या काट्यांवर भाजली जाऊ लागली, आणि नाना तिथे जाऊन ठेचा न घालता भरीत मागू लागले. वाढणारे हात थबकत. बिनठेच्याचं भरीत काय असतं ते कुणालाच माहीत नव्हतं. सुमनबाईने त्या दिवसांत त्यांना काही बोलणं सोडून दिलं होतं. फक्त रोज रात्री त्यांच्या पायांना तिळाचं तेल चोळताना ती एवढंच म्हणे, की इतकी सेवा नवरदेवाचीही करत नाहीत.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दोघं धुळ्याला आले आणि एका नातेवाइकांकडे उतरले. पहाटे अंधारात नाना पटांगणात उभे राहिले तेव्हा त्यांच्या अंगावर हाफ पॅन्ट होती, कमरेला पट्टा, पट्ट्यात पाण्याची बाटली, आणि पाठीमागे घडी करून बांधलेला पांढरा लेंगा व टोपी. बाजूच्या एका तरुणाने लेंग्याकडे बघून विचारलं, काका हे कशाला? नाना म्हणाले, मध्ये पाहुण्यांचं गाव आहे. त्या तरुणाला काही कळलं नाही, पण खान्देशातला असल्यामुळे त्याने पुढे विचारलं नाही.

शिट्टी झाली आणि सगळे पळाले. नानाही पळाले. थंडी चांगली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा उभा होता, आणि पहिले दहा किलोमीटर कधी गेले कळलं नाही. चौधरी सर पुढे निघून गेले. वाटेतल्या प्रत्येक टेबलावर नाना थांबले, पाणी प्याले, धन्यवाद म्हणाले. मोरखेड्याची कमान दिसली तसे ते एका बाभळीआड गेले. तिथे त्यांनी लेंगा चढवला, नाडी बांधली, डोक्यावर टोपी ठेवली आणि व्याह्यांच्या गावात शोभेल असे होऊन पळू लागले.

टेबल शाळेसमोर मांडलं होतं, वर लाल कापड, मागे बायका, आणि सगळ्यांत पुढे दिपमाला, हातात स्टीलचा पेला घेऊन. बाकीच्यांना कागदी पेले होते. हा एक घरचा होता. लोटन आप्पा फेटा बांधून उभे होते. नानांनी लांबूनच हात जोडले. मग जवळ आल्यावर त्यांनी एक चूक केली. आपल्याला तहान नाही हे साऱ्यांना दिसावं म्हणून त्यांनी पट्ट्यातली बाटली काढली आणि पळता पळता ती घटाघट रिकामी केली. येताना, येताना, असं म्हणत ते पुढे निघून गेले. दिपमालाने पेला खाली ठेवला नाही. ती तो हातात धरूनच त्यांच्याकडे पाहत राहिली, आणि मागून येणाऱ्या कुणाला तरी तो देता आला असता तरी तिने दिला नाही.

गाव संपल्यावर लेंगा उतरला, कमरेला गेला. पुढच्या फाट्यावर रस्त्याच्या मधोमध एक पिंप ठेवलेलं होतं. त्याला वळसा घालून परत फिरायचं होतं. नानांनी वळसा घातला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आणि परतीच्या पहिल्या टेबलावर पोचले तर जार आडवे पडलेले, टेबलवाले सतरंजी गुंडाळत होते. पुढच्यांनी पाणी संपवलं, असं ते ओशाळून म्हणाले. मागून येणाऱ्याच्या वाट्याला जे येतं ते नानांच्या वाट्याला आलं. बाटली उताणी केली, त्यात दोन थेंबही नव्हते. इथून पुढचं पाणी मोरखेड्यातच होतं.

कुणीही शहाणा माणूस अशा वेळी काय करील हे सांगायला नको. नानांनी बाभळीआड जाऊन लेंगा चढवला.

टाळूला जीभ चिकटली होती, डोळ्यांपुढे रस्ता लांब-आखूड होत होता, आणि या अवस्थेत नाना टोपी सारखी करत शाळेसमोरून निघाले. टेबलावरच्या पाण्याकडे त्यांनी पाहिलं नाही, म्हणजे पाहायचं नाही असं ठरवलं आणि तरी पाहिलं. पाणी ऊन लागून चमकत होतं. दिपमाला स्टीलचा पेला घेऊन रस्त्यावर उतरली होती. नानांनी दोन्ही हात जोडले, मान खाली घातली आणि तिच्या बाजूने काढता पाय घेतला. मागून लोटन आप्पांनी खाकरल्याचा आवाज तेवढा आला.

गावाबाहेर पहिल्या मोरीपाशी त्यांनी लेंगा उतरवायला घेतला, आणि घामाने भिजलेल्या नाडीला निरगाठ बसली. नखं लावली, ओढलं, गाठ आणखी आवळली. वाकून दातांनी सोडवायला गेले आणि उजव्या पोटरीत असा गोळा आला की ते मोरीच्या कठड्यावर बसकण मारून आडवे झाले. एक पाय ताठ, हात नाडीला, टोपी खाली नालीत. बेचाळीस किलोमीटर पळायला निघालेला माणूस एका गाठीपाशी अडकला होता, आणि मदतीला हाक मारायला घशात आवाज उरला नव्हता.

तेव्हा त्यांना रस्त्याने कुणी पळत येताना दिसलं. शर्यतीतलं कुणी असेल असं आधी वाटलं, पण ती दिपमाला होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, एका हाताने निऱ्या धरलेल्या, दुसऱ्या हातात तांब्या. सासरच्या गावात भर रस्त्याने सून पळत चालली होती आणि मागे शाळेपासून सारं गाव ते बघत होतं. नाना उठायला गेले. खरं सांगायचं तर ते पळून जायला उठले होते. पोटरीने त्यांना परत खाली बसवलं.

दिपमाला धापा टाकत पुढ्यात उभी राहिली. आधी तिने लेंग्याची गाठ पाहिली, खाली बसून ती दोन बोटांनी सोडवली, पोटरी दाबून पाय सरळ केला. ती लहान असताना नानांना तिच्या पायातला काटा काढायचा झाला की ते असेच बसत. मग तिने तांब्या पुढे धरला. नानांनी मान हलवली.

"नाना," ती म्हणाली, "तुम्ही ज्यानी वाट देखी राहिनात ना, ते आते व्हवाव नही. डॉक्टरनी मांगला वरीसलेच सांगी दिन्हं. आम्ही दोन्हीसनी ते मनले लाई लिन्हं. आते पानी पी ल्या."

आता व्हायचं नाही, डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलं होतं, आणि दोघांनी ते मानूनही घेतलं होतं. नानांना ते ऐकू आलं आणि थोडा वेळ कळलंच नाही. एक ट्रक गेला, त्याची धूळ दोघांवर बसली. तिने तांब्यावर पदर धरला होता, धूळ पडू नये म्हणून.

"कोणले कोणले माहीत शे?" त्यांनी विचारलं.

"बठ्ठासले," ती म्हणाली. "तुम्हलेच नही."

सगळ्यांना माहीत होतं. घरच्या साऱ्यांना, सुमनबाईला, मुलाला, सुनेला, लोटन आप्पांना. त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण ते इतक्या निष्ठेने तहानलेले बसत की त्यांच्याकडे पाहून कुणाचा धीर झाला नाही. आणि ते मात्र दर वेळी बाटली घेऊन तिच्या दारात जाऊन बसत होते. आपण तिच्यासाठी मागतोय असं त्यांना वाटत होतं, आणि तिला दर वेळी, साऱ्या गावादेखत, तिच्यात काय नाही तेच दिसत होतं. नानांना रडू आलं. घशात पाणी नव्हतं, तरी डोळ्यांत कुठून आलं कोण जाणे. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावला आणि न थांबता प्याले. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून बनियनमध्ये गेलं.

तांब्या रिकामा झाल्यावर त्यांनी तो उलटा करून पाहिला आणि अजून आहे का विचारलं. दिपमाला हसली आणि डोळे पुसले, आणि घरी आहे म्हणाली. मग नाना शर्यत सोडून घरीच निघाले. म्हणाले, आता कुठं जायचं, चल, काय केलंय जेवायला? पण तिने त्यांना धुळ्याच्या दिशेला तोंड करून उभं केलं. आधी तेवढं पुरं करून या, मग जेवायला वाढते, असं तिने सांगितलं. दोन वर्षं त्या पळण्यापायी आईचा जीव खाल्लाय, आता अर्ध्यात सोडलं तर ती मला बोलेल. लेंगा तिने स्वतःकडे ठेवून घेतला.

नाना निघाले. उरलेलं अंतर ते काही पळाले, काही चालले, आणि मध्ये एका रिक्षावाल्याने दोनदा विचारलं तरी बसले नाहीत. धुळ्यात पोचले तेव्हा कमान उतरवायला दोघं शिडीवर चढले होते. त्यांना बघून ते शिडीवरच थांबले आणि टाळ्या वाजवल्या. चौधरी सर कधीचे आंघोळ करून, केस विंचरून बसले होते. मेडल मिळालं. कुणीतरी फोटो काढला, त्यात नानांचे डोळे मिटलेले आले.

सुमनबाई डबा घेऊन झाडाखाली बसली होती. नाना तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, डबा राहू दे, आज दिपमालाकडे जेवायचं. सुमनबाईने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिला काही विचारावं लागलं नाही. नवऱ्याचा चेहरा तिला वाचता येत होता. मग तिने डब्याचं झाकण लावता लावता कबूल केलं, की तिने तिथे याआधी कैक वेळा जेवण केलंय. नाना बाहेर ओट्यावर आप्पांशी पावसापाण्याच्या गप्पा मारत बसत, तेव्हा ती आत चुलीपाशी बसून जेवून घेई. लेकीचं तोंड उतरलेलं मला बघवत नव्हतं, असं ती म्हणाली. नानांना राग यायला हवा होता. तो आला नाही. त्यांना आपलाच राग आला, आणि पाय इतके दुखत होते की त्यालाही नीट जागा मिळाली नाही.

जावई गाडी घेऊन न्यायला आला. मोरखेड्यात व्याहीणबाईंनी खापर चुलीवर चढवलं होतं आणि हातावर पुरणाचे मांडे मोठे करून त्यावर टाकत होत्या, रुमालाएवढे. लोटन आप्पांनी स्वतः पाण्याचा तांब्या आणून नानांच्या पुढ्यात ठेवला आणि समोर बसले. नानांना घरात, अगदी मधल्या खोलीत, पाट मांडला होता. बसताना गुडघे वाकेनात, तेव्हा जावयाने आणि आप्पांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून खाली सोडलं. मग ते जेवायला लागले. किती जेवले ते सांगण्यात अर्थ नाही. सात वर्षांचं राहिलेलं एका दुपारी भरून काढायचा त्यांचा विचार दिसत होता, आणि सुमनबाई डोळ्यांनी त्यांना आता पुरे म्हणून खुणावत होती.

दार उघडंच होतं. शेजारच्या भिकुबाई, गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, काठी टेकत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. बाटलीवाले नाना पाटावर बसून जेवतायत, हे त्यांनी डोळ्यांवर हात धरून नीट पाहून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला, अगदी खरा, मनातला.

"काय व दिपमाला," त्या म्हणाल्या, "नाना जेवाले बठेल शेत. गोड बातमी शे का काही?"

व्याहीणबाईंच्या हातावरचा मांडा तसाच लोंबत राहिला. जावई उठून मोरीकडे गेला. दिपमाला तूप वाढत होती. तिचा हात ताटावर तसाच अडला आणि तिने मान वर केली नाही. अशा प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं असणार, आणि आज ते तिला आठवत नव्हतं.

नानांनी तोंडातला घास गिळला.

"शे ना, अक्का," ते म्हणाले. "मी आज मनी पोरना घर जेवी राहिनू. हाई बातमी कमी शे का?"

भिकुबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दिपमालाकडे पाहिलं. म्हातारीला समजायचं ते समजलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि भिंतीशी बसत म्हणाल्या, "मंग मले बी वाढ."

दिपमाला त्यांचं ताट घ्यायला उठली आणि हसायला लागली, तोंडावर पदर न घेता, मोठ्याने. लेक सासरी अशी हसते, हे नानांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं ते ओट्यावरूनच परत गेले होते.